तेलाच्या डब्यातलं मशीन

सरांच्या घरात पंखा नव्हता. बमरोलीत घर, वर पत्रे, मे महिन्यात कुत्रंसुद्धा गटारात जाऊन बसतं, आणि ह्या माणसाच्या छताला नुसता हूक. लोकांना वाटायचं माणूस चिकट आहे. मी एकदा तोंडावरच विचारलं, "सर, पंखा का लावत नाही?" तर म्हणाले, "पंखा हवा गार करत नाही मिस्त्री, नुसती फिरवतो. तीच ती हवा फिरवून काय मिळणार?" आणि स्वतः ओला पंचा खांद्यावर टाकून दोन दारांच्या मधे उंबऱ्यावर बसून राहिले. तिथे खरंच वारा लागत होता. अख्ख्या घरात तेवढी एकच जागा होती आणि ती त्यांनी शोधून काढलेली होती.

ते आमचे घरमालक. खाली ते एकटे, वर पत्र्याच्या खोल्यांत आम्ही चार भाडोत्री. आम्ही शिंदखेड्याकडचे, कामासाठी ह्या गुजराती मुलखात आलेले. मी सचिन नावाच्या गावातल्या एका प्रोसेस मिलमध्ये पत्र्याचं काम करायचो. कपडा रंगवून झाला की तो ताणून वाळवायचं एक लांबलचक मशीन असतं. त्याच्या गरम हवेसाठी पत्र्याचे बोगदे लागतात, त्यांना डक्ट म्हणतात. ते मी कापायचो, ठोकायचो, फुटले की बुजवायचो. शिक्षण सातवी, तीही नापास. सर नाशिककडचे, कुठल्याशा तंत्रशाळेत शिकवायचे, नोकरी मधेच सोडून दिलेली. का सोडली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी विचारलं नाही अशी ती एकच गोष्ट असेल.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, माणसं किती तेही नाही. माझ्या बायकोकडे बघून विचारलं, "वहिनी, स्टोव्ह कुठल्या भिंतीला लावणार?"

तिने खिडकीखालची भिंत दाखवली. सरांनी खिशातून रिळाचा वीतभर दोरा काढला, दोन बोटांत धरला आणि खिडकीपाशी उभे राहिले. दोरा आत हलत होता. "बघा. वारा आत येतोय. धूर सगळा तुमच्या तोंडावर येईल. त्या समोरच्या भिंतीला लावा." बायकोने पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं. जिना उतरताना मला म्हणाली, "मालक येडा शे. पन खोली घ्या." तिने तेव्हा स्टोव्ह समोरच्या भिंतीला लावला आणि आम्ही त्या खोलीत राहिलो तोवर तो तिथेच राहिला.

तो दोरा त्यांच्या खिशात कायम असायचा. लग्नाच्या मांडवात, बँकेत, दवाखान्यात, कुठेही गेले की आधी दोरा काढायचे आणि हवा कुठून येते, कुठे जाते ते बघायचे. माझ्या साडूच्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाची खुर्ची पाच फूट सरकवायला लावली होती. साडू चिडला. "हा कोण? भटजी का?" मी म्हणालो, "नाही, घरमालक." नवरदेवाला मात्र तिथे बरं वाटलं. तसं त्याने मला नंतर सांगितलं.

त्यांचं एक वाक्य होतं. गरम हवा पाहुण्यासारखी असते, बाहेरचा रस्ता दाखवला नाही तर मुक्काम ठोकते. हे ते इतक्या वेळा म्हणायचे, की आमच्याकडे खराच पाहुणा आला आणि हलायचं नाव घेईना, तर बायको मला खुणेने दार दाखवायची.

पण नुसतं बोलून सोडून देणारे ते नव्हते. प्रश्न विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. शिकलेला माणूस अडाण्याला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतो, हे मी तोवर बघितलं नव्हतं. एकदा चहाला वर आले. बशीत चहा ओतला आणि बघत बसले. मग बायकोला विचारलं, "वहिनी, कपात गरम राहतो तो चहा बशीत लगेच गार का होतो?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पसरना म्हनीसन."

"काय?"

"पसरला ना तो. ढिगाऱ्यात धान्य ऊन राहतं, खळ्यावर पसरलं की गार होतं. तसंच."

सरांनी बशी खाली ठेवली. चहा न पिता उठले, खाली गेले आणि एक जस्तासारखा पांढरा धातूचा तुकडा घेऊन आले. त्याला फणीसारखे दात होते. "ही बघा बशी," म्हणाले. "कॉम्प्युटरच्या आत एक चिप असते, पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी. तिच्यावर ही बसवतात. दाताला दात का, तर उष्णता पसरायला जागा मिळावी म्हणून. मी हे वर्गात तासभर शिकवायचो. तुम्ही दोन शब्दांत सांगितलं." नंतर महिनाभर येईल त्याला सांगत होते, वरच्या वहिनींनी काय सांगितलं म्हणून. बायकोला लाज वाटायची. पण भांडी घासताना ती ते वाक्य स्वतःशी म्हणायची, ते मी ऐकलं आहे. पसरना म्हनीसन.

आता कॉम्प्युटर. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. सरांच्या कपाटात बंद पडलेल्या मशीनांचे अवयव भरलेले असत. ऑफिसवाले जुनं मशीन टाकायला निघाले की सर ते घेऊन येत आणि सोलून ठेवत. स्क्रू मुखवासाच्या बाटल्यांत, मापाप्रमाणे. मशीन चालू असलं तरी उघडायचे. शेजारच्या उडिया कारागिराचा रेडिओ नीट वाजत होता, तो "का वाजतो बघू" म्हणून उघडला. परत बसवला तेव्हा वाजला, पण तो कारागीर नंतर रेडिओ उशाखाली घेऊन झोपायचा.

माझी बायको चौथी शिकलेली. घरी बसून ग्राफ भरायची. साडीच्या काठावर जी नक्षी असते, ती आधी बारीक चौकड्यांच्या कागदावर मोठी करून काढावी लागते. एकेक घर रंगवायचं. रंगवलेलं घर म्हणजे धागा वर, कोरं घर म्हणजे धागा खाली. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात आणि लूम त्या भोकांच्या हुकमाने विणतं. एक घर चुकलं तर हजार साड्यांत चुकतं. बारा वर्षांत तिचं घर चुकलं नाही. नक्षीही ती स्वतःची घालायची. इतर बायका आंबा, मोर, वेल काढत, ही कापसाचं बोंड काढायची. फुटलेलं, चार पाकळ्यांचं. भेस्तानच्या डिझाइनवाल्याकडे तिचं काम जायचं. तो बोंड पाहिलं की म्हणायचा, "आ तो मासीनुं छे." हे मावशीचं आहे.

त्या डिझाइनवाल्याने एके दिवशी निरोप पाठवला. "दशेरा पछी कागळ नै चाले. फ्लॉपी लावजो." दसऱ्यानंतर कागद घेणार नाही. नक्षी कॉम्प्युटरवर काढून फ्लॉपीत भरून आणा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं काम दाखवा, नाहीतर राम राम.

बायकोने ब्रश धुतले, कापडात गुंडाळले आणि फळीवर ठेवून दिले. मी म्हणालो, "जाऊ दे, मी कमावतो ना." तेव्हा तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, "तुमी कमावतस ते घरनं. बोंड मनं शे." घर तुमच्या कमाईचं, बोंड माझं. मी मूर्खासारखं बोललो होतो.

सरांना कळलं. ते वर आले आणि आमची दहा बाय दहाची खोली दोऱ्याने मोजू लागले. कॉट, ट्रंक, मोरी, स्टोव्ह, भांड्यांची मांडणी. मशीनला कुठे जागाच नव्हती. दुकानातला कॉम्प्युटर ठेवायचा तर आमच्यापैकी एकाला बाहेर झोपावं लागलं असतं. सर म्हणाले, "मशीन घरात मावलं पाहिजे. घर मशीनमध्ये मावायचं नाही." मग मांडणीच्या खालच्या कप्प्यापाशी बसले. तिथे शेंगतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा होता. तो बाहेर काढला, उलटा केला, वितीने मोजला, आत हात घालून मोजला.

"मिस्त्री, ह्याचं तोंड कापता येईल?"

"डबा कापायला मला विचारता? डोळे मिटून कापतो."

"डोळे उघडे ठेवून कापा. ह्यात कॉम्प्युटर बसेल."

मला वाटलं, आता हा माणूस खरंच गेला. पण बसला. डब्याची एक बाजू मी कापून झाकणासारखी केली. मोठा बोर्ड उभा, मागच्या अंगाला. त्याच्या वर विजेची पेटी, तिलाच एक पंखा, तो मागच्या भोकातून हवा बाहेर फेकणार. फ्लॉपीचं तोंड पुढे. इतकं घट्ट की सर एक वस्तू घालायचे आणि दुसरी बाहेर यायची, लग्नाच्या बॅगेसारखं. बोर्ड पत्र्याला टेकला तर जळेल, म्हणून लूमवरच्या धाग्याच्या प्लॅस्टिक बॉबिनचे तुकडे कापून मधे टेकू दिले. ते माझं डोकं. सरांनी एकेक टेकू बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून "बरं आहे" म्हणजे गावजेवण.

डबा मी सोड्याने तीनदा धुतला. तरी मशीन तापलं की खोलीत भज्यांचा वास यायचा. शेजारीण दारातून डोकवायची, "आज काय तळलं?" बायको म्हणायची, "कॉम्प्युटर."

ती आठ दिवसांत शिकली. माउस पोळपाटावर फिरवायची, कारण खोलीत दुसरी सपाट जागा नव्हती. पडदा ट्रंकेवर. पडद्यावर तीच चौकडी, तीच घरं. फक्त ब्रशऐवजी बोट. सर म्हणाले, वहिनींना शिकवायचं काही नाही, त्यांना घरं माहीत आहेत.

अडचण वेगळीच निघाली. झाकण काढलं की मशीन बरं, झाकण लावलं की आजारी. दीड तास चालायचं आणि मग पडदा जागच्या जागी थिजायचा. माउस हलवा, ठोका, काही नाही. झाकण उघडं ठेवावं तर खोलीत फोडणी, आणि खिडकीतून शेजारच्या लूमच्या रुव्यांचा, सुताच्या कसपटांचा पाऊस. चार दिवसांत आत कापसाची गादी जमली. सर म्हणाले, झाकण लागलंच पाहिजे.

आणि मग त्यांनी भोकं पाडायला सुरुवात केली. म्हणजे मला पाडायला लावली. "भोकं जास्त, हवा जास्त." दहा पाडली, दोन तास चाललं. वीस पाडली, सव्वादोन तास. वरच्या अंगाला, बाजूला, मागे. डब्याचा झारा झाला. भोक पाडायचं म्हणजे आधी आतलं सगळं बाहेर, कारण पत्र्याचा कीस बोर्डावर पडला की खेळ खलास. मग पुन्हा सगळं आत. ऑक्टोबरचं ऊन आणि वर पत्रे. मी वैतागलो.

"सर," मी म्हणालो, "मिलमध्ये डक्टला भोक पडलं तर आम्ही बुजवतो. तुम्ही भोकं वाढवताय."

"तुमची मिल कापड वाळवते मिस्त्री. मला चिप वाळवायची नाही."

"हवा ती हवा. मिलमधली आणि इथली काय सावत्र आहे?"

"तुम्ही पत्रा कापा," ते म्हणाले.

मला ते लागलं. मी पत्रा कापायचं सोडलं आणि दोन दिवस खाली गेलोच नाही. बायकोने समजूत घातली नाही. ती म्हणाली, "तुमी दोन्ही भांडा. दसराले तेवढं थांबाले सांगा." मग मी गेलो आणि भोकं पाडली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन तीन तास चाललं. सरांनी दोरा मागच्या पंख्याजवळ धरला, तो आडवा उडाला. "बघा, किती हवा बाहेर येते." आम्हाला वाटलं, जमलं.

दसऱ्याला आमच्यात हत्यारं पुजतात. मिलमध्ये मशीनला हार घालतात, लूमला घालतात, सायकललाही घालतात. मी सकाळीच झेंडूचे दोन जाड हार आणले. बायको पाच वाजल्यापासून पोळपाटापाशी बसली होती. नक्षीतल्या पदराचा शेवटचा कोपरा राहिला होता, आठ बोंडं. मी डब्याला हळदकुंकू लावलं, वर सुट्या पाकळ्या वाहिल्या, आणि हार चांगला गच्च वेढून मागे सोडला. मनापासून केलं. एवढ्याशा डब्याने आमच्या घराचं केवढं ओझं घेतलं होतं. नारळ फोडला आणि मिलमधल्या पूजेला निघणार, तोच ती ओरडली.

पडदा थिजला होता.

मी म्हणालो, "पुन्हा चालू कर."

"करसू. पन सकायपासूननं गयं." सकाळपासूनचं सगळं गेलं. सरांनी तिला शंभरदा सांगितलं होतं, अर्ध्या तासाला साठवत जा. रोज संध्याकाळी ती साठवायची. मधे नाही. बारा वर्षं कागदावर काम केलेली बाई. कागदावर काढलेलं घर उठून कुठे जातं? ते तिच्या मनालाच पटत नव्हतं. हार बघून ती माझ्यावर उसळली. "पूजा करी का मशीनना गळा दाबा?"

आवाज ऐकून सर वर आले. मी हार ओढायला गेलो, मशीन बंद करायला गेलो. सर एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण दारात आली. "हात लावू नका! बंद करू नका!"

पडदा मेला होता, पण आतला पंखा फिरत होता. सरांनी हार दोन बोटांनी हळूच उचलला. मागच्या पंख्याच्या तोंडावरच मी तो घातला होता. हार निघाला तसा पंखा मोकळा घरघरला. आणि डब्यावर ज्या सुट्या पाकळ्या होत्या, त्या टुणकन उडून वरच्या भोकांना चिकटल्या. पंख्याच्या जवळच्या भोकांना. एकेका भोकाला एकेक पाकळी, कुणी बसवल्यासारखी.

सर गुडघ्यावर बसले. त्यांनी एक पाकळी घेतली आणि पुढच्या बाजूच्या खालच्या भोकापाशी धरली. सोडली. ती जमिनीवर पडली. दुसरी धरली. तीही पडली. वरच्या भोकापाशी धरली, चप्प करून चिकटली. खाली माझं कुंकूसुद्धा भोकांच्या काठावर जसंच्या तसं होतं, वरचं आत गेलेलं. असं त्यांनी वीस-पंचवीस वेळा केलं असेल. बायकोचं काम गेलेलं, उद्याचा दिवस डोक्यावर, मी चोरासारखा उभा, आणि हा माणूस पाकळ्या चिकटवतोय. पण थोड्या वेळाने बघतो तर बायकोही खाली बसलेली. तिनेही एक पाकळी उचलली आणि बाजूच्या भोकाला लावून पाहिली.

"हाई बी नही," ती म्हणाली.

"नाही ना?" सर म्हणाले. "हवा वरच्या भोकातून आत येते आणि शेजारच्या पंख्यातून लगेच बाहेर जाते. खाली चिपकडे फिरकतच नाही. जवळचा रस्ता दिला तर लांबून कोण जाईल? वहिनी, मी इतके दिवस बाहेर येणारी हवा बघत होतो. आत जाणारी बघितलीच नाही."

मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता म्हणतील, मिस्त्री, तुमचं बरोबर होतं. तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "वरची सगळी भोकं बुजवायला किती वेळ लागेल?"

"दोन तास."

"मिलमध्ये पूजा असेल तुमची."

"असू दे."

मी मिलमध्ये गेलो नाही. त्यांनी आतलं सगळं काढून कॉटवर चादरीवर मांडलं. मी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, रिव्हेट मारले. वर, मागे, बाजूला, एक भोक ठेवलं नाही. फक्त पुढे खाली दोन ओळी. तिथे रुवां अडवायला बायकोने जुन्या मलमलचा तुकडा शिवून दिला. आत एक चपटी, तीन बोटं रुंद केबल आडवी पसरलेली होती. मी म्हणालो, ही भिंत आहे, डक्टमध्ये अशी भिंत ठेवत नाहीत. सरांनी ती घडी करून कडेला बांधली. त्या दिवशी त्यांनी माझं दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते कबूल केलं नाही, पण ऐकलं.

संध्याकाळी झाकण लावलं. पाकळी खालच्या भोकापाशी धरली. मलमलला चिकटून बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायको पोळपाटापाशी बसली. दुपारी दोनपर्यंत उठली नाही. मीच भाकरी केली, वाईट झाली, तरी सगळ्यांनी खाल्ली. सर उंबरा सोडून आमच्या जिन्याच्या पायरीवर बसले होते. दर अर्ध्या तासाला खालून आवाज, "वहिनी, साठवलं?" आणि वरून, "साठाडं!" बाहेर पत्रे तडतडत होते. भज्यांचा वास आला नाही.

फ्लॉपी घेऊन आम्ही तिघं भेस्तानला गेलो. डिझाइनवाल्याच्या दारात बायको म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर थांबा. आत आलात की बोलत बसाल." आणि पदर सारखा करून एकटी आत गेली.

आम्ही पानाच्या टपरीपाशी उभे राहिलो. मला मनात एकच. फ्लॉपी उघडली नाही तर? उघडली आणि त्याला आवडलं नाही तर? तिला घरी काय सांगायचं? मी सरांकडे बघितलं तर त्यांचा हात खिशात होता आणि दोरा बाहेर काढलेला नव्हता. तेव्हा मला कळलं, ह्या माणसालाही भीती वाटते. त्यांचं मशीन चालल्याचं त्यांना कालच कळलं होतं. ही भीती मशीनची नव्हती.

सर पुढे चारेक वर्षांनी घर विकून बहिणीकडे गेले. जाताना आमच्यासाठी काही ठेवलं नाही, निरोपही लांबवला नाही. नव्या मालकाला एवढंच बजावून गेले, की वरच्या खोलीतला स्टोव्ह हलवायचा नाही. पुढे ते वारल्याचं कुणाकडून तरी कळलं. मी कुणाच्या मरणाची बातमी घरात लगेच सांगत नाही, पण ती बायकोला लगेच सांगितली. त्या दिवशी तिने जेवण केलं नाही.

पण त्या दिवशीचं सांगतो. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. आमच्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बुधवारले दुसरं लई ये म्हने." बुधवारी दुसरं काम घेऊन ये, म्हणाला.

सरांनी अभिनंदन वगैरे केलं नाही. त्यांनी विचारलं, "त्याच्याकडचं मशीन कसं होतं?"

"मोठं. टेबलाखाली उभं. पेटीएवढं."

"आवाज?"

"आवाज बी मोठा. तो बोंड पाहात होता ना, तवर मी मागे हात घालून पाहिला."

"हात घातलात?" सर थांबले. "मग?"

"आपल्यापेक्षा ऊन शे. पंखा फेकतो, पण खालून काही जातच नाही आत. पुढे त्याने गठ्ठे रचून ठेवलेत. भोकं सगळी बुजली. मी त्याला सांगितलं, गठ्ठे काढ."

"आणि?"

"काढले त्याने."

सर हसले. मी त्यांना दहा वर्षं ओळखत होतो, दात दिसतील असं हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, हात नक्की कुठे धरला होता, वर का मधे, आणि तिने भर रस्त्यात, रिक्षांच्या मधे, हवेत हात धरून दाखवला. दोघं तशीच उभी. मी हातातली रिकामी पिशवी सावरत कडेला थांबलो. मला घाई नव्हती.

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष. भेटायला येणारे म्हणतात, सोशिक होती, देवभोळी होती. असेल. मला कुणी विचारलं तर मी सांगतो, कामाचा निकाल लागायचा होता त्या घटकेला दुसऱ्याच्या मशीनच्या मागे हात घालून बघणारी बाई होती ती.